किल्ल्यांची सारंगी

गेल्या दिवाळीत उपसाला शहरी नोकरीस असलेला माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. फराळ झाल्यावर त्याने फोनवर एक वादन ऐकविले. मी डोळे मिटूनच म्हणालो, "सारंगी सुरेख वाजते आहे रे!"

तो हसला. "गुरुजी, ही सारंगी नव्हे. ही स्वीडनची निकेलहार्पा."

'निकेल' म्हणजे किल्ली. माझी चूक अगदीच अडाणीपणाची नव्हती बरे! सारंगीसारख्या हिलाही तरफेच्या तारा असतात. हल्लीच्या वाद्यात सोळांपैकी बारा. गज न लागताच त्या गुणगुणतात. पण सारंगियाची नखे तारेला भिडतात, इथे मात्र बोटे तारेला शिवतही नाहीत. पट्ट्याने गळ्यात अडकवून वाद्य आडवे धरायचे, उजव्या हाती आखूड गज, आणि डाव्या हाताने खालून लाकडी किल्ल्या वर दाबायच्या. किल्लीवरची खुंटी तारेला टेकते नि स्वर निघतो. बोट काढले की किल्ली आपल्याच वजनाने खाली पडते. स्प्रिंग नाही की काही नाही!

गॉटलंड बेटावर केलुंगे येथील चर्चच्या दाराशी सुमारे १३५० सालचे शिल्प आहे. त्यातले दोघे हेच वाद्य वाजवीत आहेत असे पुष्कळ अभ्यासक मानतात. सर्वांनाच ते पटत नाही. खरे सांभाळले ते उप्पलांड प्रांताने, लग्नांत आणि नाचांत.

पुढे व्हायोलिन आले, अकॉर्डियन आले. आपल्या रंगभूमीवर पेटीने सारंगीला बाजूस सारले, तसेच तिकडे झाले. जुन्या हार्पेत सगळे स्वर नव्हते. नव्या चाली, नव्या साथीदारांबरोबर वाजवायच्या कशा? ऑगस्ट बोलिन याने १९२० नंतरच्या दशकात किल्ल्यांच्या ओळी वाढवून बाराही स्वर आणले. एरिक साल्स्ट्रम (१९१२–१९८६) याने ती रचना सुधारली, स्वतः वाद्ये घडविली, वाजविली, इतरांना शिकविले. जुन्या वाद्याला हात लावू नये, असे मी तेव्हा असतो तर हटकून म्हणालो असतो. त्यांनी हात लावला, म्हणून १९६० नंतर तरुण मंडळी तिच्याकडे वळली. १९९८ साली टोबो गावी साल्स्ट्रमच्या नावाची संस्था निघाली.

आणि मौज अशी, की आता काहीजण पुन्हा जुन्या, अपुऱ्या स्वरांच्या हार्पाही वाजवितात. विद्यार्थ्याने मला ऐकविली होती ती त्यांतलीच एक.