कुवत कमी की वाव कमी?

परकीय मदतीच्या व्यवहारात एक समज पक्का बसला आहे. गरीब देशांतल्या स्थानिक संस्थांची कुवत तोकडी, हिशेब कच्चे. पैसा थेट त्यांच्या हाती दिला तर वाटेतच गळणार. तेव्हा तो बड्या आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फतच जावा. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. करदात्यांना जाब देणाऱ्या अधिकाऱ्याला शंभर छोट्या करारांपेक्षा एक मोठा करार सोयीचा असतो. गावातली वजनदार मंडळी योजना गिळतात, हेही खरे.

प्रश्न आहे तो उपायाचा. इंडोनेशियात 1998 पासून जागतिक बँकेच्या पैशावर ‘केचामातान’ म्हणजे साधारण तालुक्याच्या पातळीवरचा विकास कार्यक्रम चालला. रस्ता हवा की पूल, हे गावांनी सुचवायचे आणि गावांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून ठरवायचे. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्कन यांनी त्यातले जावामधल्या 608 गावांचे रस्ते तपासले. अभियंत्यांनी रस्ते खणून खडी-वाळू मोजली, त्या भागातले भाव काढले आणि गावाने दाखवलेल्या खर्चाशी ताळा घातला. तफावत निघाली, आणि ती थोडीथोडकी नव्हती. पण सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार, असे ज्या गावांना आधीच बजावले होते, तिथे ती सुमारे 8 टक्के-बिंदूंनी कमी भरली. सभांना जास्त माणसे जमवून मात्र सरासरी गळतीत फारसा फरक पडला नाही.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना टोचणारा आहे. ‘लोकसहभाग’ म्हटले की सारे आपोआप शुद्ध होते, ही भाबडी समजूत त्याने मोडते. आणि गळती थांबवायला निर्णयाचा अधिकार गावाकडून काढून घ्यावा लागतो, ही समजूतही टिकत नाही. रस्ता कुठे व्हावा हे गावाने ठरवावे, खडी किती पडली हे बाहेरच्याने मोजावे. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

राहिला कुवतीचा मुद्दा. अमेरिकी सरकारच्या अनुदानात ज्या संस्थेचा प्रशासकीय खर्चाचा दर वाटाघाटीने ठरलेला नसे, तिला 2024 पर्यंत त्यापोटी सरसकट 10 टक्केच धरता येत. वाटाघाट करायला लागणारे लेखापाल आणि वकील मुख्यतः बड्या संस्थांकडेच. लहान संस्थेने लेखापाल नेमायचा कुठल्या पैशातून? त्याचा पगार नाकारायचा आणि मग हिशेब कच्चे म्हणून तिला दारातूनच परत पाठवायचे, हा पोहता येईपर्यंत पाण्यात उतरू नकोस म्हणण्याचा प्रकार झाला. ‘यूएसएड’ या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेने 2021 मध्ये जाहीर केले, की 2025 पर्यंत चौथा हिस्सा निधी थेट स्थानिकांना देऊ. प्रत्यक्षात आकडा 10 टक्क्यांच्या आसपास घुटमळला आणि 2025 मध्ये ती संस्थाच गुंडाळली गेली.

म्हणून नुसती टक्केवारी जाहीर करणे पुरेसे नाही. करार लहान करा, मुदत काही वर्षांची द्या, अर्ज तिथल्या भाषेत घ्या, कार्यालय चालवण्याचा खरा खर्च मंजूर करा आणि लेखापरीक्षण कडक ठेवा. एवढे करूनही एखादी संस्था नापास झाली, तर तिच्या कुवतीवर खुशाल बोट ठेवावे. त्याआधी दिलेला निकाल हा दात्यांच्या नियमांचा आहे, संस्थेचा नव्हे.