बारा नावांची यादी

कबड्डीच्या संघात बारा जण असतात. सात आत, पाच बाहेर. १९८२ साली, म्हणजे दिल्लीच्या एशियाडमध्ये कबड्डीचं प्रदर्शन झालं त्याच वर्षी, गोंदियातल्या एका कॉलेजच्या नोटीस बोर्डावर अशी बारा नावं लागली. त्यात माझं नव्हतं. जुलैत धानाच्या रोवण्यासाठी मी नऊ दिवस गावी जाऊन राहिलो होतो, एवढाच माझा गुन्हा.

माझं गाव अर्जुनी मोरगावकडचं. जिल्हा तेव्हा भंडाराच. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. छोट्या रुळांच्या गाडीनं मी गोंदियाला यायचो. बांधीत पाणी साचलं, पऱ्हे तयार झाले की रोवणा कोणासाठी थांबत नाही, आणि मजुरी द्यायला पैसे नसले की घरची पोरंच चिखलात उतरतात. हे मी कबड्डीच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मंग रोवणाच कर ना. इथं कायले आला?" त्या दिवसापासून माझं नावच गेलं. "ए रोवणा, वीस चक्कर मार." "रोवणा, पाणी आण." पोरं हसायची. मीही हसायचो, कारण न हसणं आणखी महाग पडलं असतं.

गावात हुतुतूला, म्हणजे याच कबड्डीला, कोच नव्हता. धान कापून झालं, बांधी वाळली की धसकटं खरवडून काढायची, राखेनं मधली रेघ ओढायची, की झालं मैदान. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत शेजारच्या गावाशी सामना. कोण खेळणार हे जुने खेळाडू पारावर ठरवत, आणि ज्याला घेतलं नाही तो तिथंच भांडून घेई.

शिकवणारा माणूस म्हणून आम्हाला ठाऊक होता तो आखाड्यातला वस्ताद. उस्तादचा वस्ताद झालेला. तो काही गोड माणूस नव्हता. माती नीट उकरली नाही म्हणून माझ्या मोठ्या भावाला त्यानं वेताच्या छडीनं फोडून काढलं होतं. पण भाऊ रुसून पलीकडच्या गावच्या आखाड्यात गेला, तेव्हा महिनाभरात वस्तादच आमच्या ओट्यावर येऊन बसला. नागपंचमीच्या कुस्त्यांना त्याच्याकडे जोड उरला नव्हता. त्याचा दरारा मोठा, पण पोरं आली तरच तो वस्ताद.

कॉलेजात असं चालत नव्हतं. का, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. हुतुतू माळावरचा खेळ. त्याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात लिहायला घेतले गेले, १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं ते छापले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो युरोपला खेळून दाखवला. १९५० ला अखिल भारतीय कबड्डी महासंघ आला. मग १९६१: विद्यापीठांच्या क्रीडा मंडळानं कबड्डी आपल्या खेळांत घेतली, आणि त्याच वर्षी पतियाळ्याला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. दहा वर्षांनी, १९७१ ला, तिथल्या पदविकेत कबड्डीही आली. राखेच्या रेघेच्या जागी आता शिट्टी, हजेरीपट आणि सही. पारावर भांडून मिळणारी जागा एका माणसाच्या पेन्सिलीत गेली. त्या माणसावर रुसून जायचं तर कुठल्या गावी जाणार? नाव ज्या कॉलेजात, खेळायचं तिथूनच.

रस्ता दाखवला तो कॉलेजच्या चपराशी दादांनी. मैदानाला चुना मारणारा माणूस. सरांचे सगळे हंगाम त्यानं पाहिलेले. "भर मैदानात सरासंगं बोलू नोको. चार पोरं पाहात असली की कोनी मागं सरत नाही. सांजच्याला घरी जा, अन् कप्तानाला संगं घे."

गेलो. सर बनियनवर सायकलची साखळी बसवत होते. काकूंनी चहा दिला. मी जे पाठ करून गेलो होतो त्यातलं निम्मंच तोंडातून निघालं. उरलेलं कप्तान बोलला. सरांनी हात पुसले. "गेल्या साली पहिल्याच फेरीत घरी आलो. प्राचार्य मले विचारते, तुले नाही," एवढंच म्हणाले. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी यादीत खाली शाईनं एक नाव खोडून माझं लिहिलं होतं. खोडलेला पोरगा माझ्याच वर्गातला. त्याच्याशी नंतर मी बोललो नाही.

नागपूर विद्यापीठाच्या सामन्यांना पॅसेंजरनं गेलो: तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, एकेक स्टेशन मोजत. सामनाभर बाहेर बसून होतो. आमच्यावर लोण चढला, सामना गेलाच होता, तेव्हा सरांनी बोट केलं. डाव्या कोपऱ्यावर उभा राहून मी एक पट काढला. चढाईवाला मधल्या रेषेपासून वीतभर अलीकडे पडला. उठून सरांकडे पाहिलं. सर घड्याळ पाहात होते.

१९८५ ला सरकारनं प्रशिक्षकांसाठी पुरस्कार काढला आणि त्याला नाव दिलं द्रोणाचार्यांचं. खो-खोवाले आपल्या उत्तम खेळाडूला एकलव्य पुरस्कार देतात. अंगठा मागणारा आणि अंगठा देणारा, दोघांचाही सत्कार आम्हीच करतो; मला याचं अजून हसू येतं. पुढे ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयानं राज्यातल्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण मिळालं आणि यादीतलं नाव म्हणजे भाकरी झाली. आता यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी तक्रार निवारण समिती लागते. चांगलंच आहे. पण 'मला का बसवलं' याचा अर्ज कसा लिहायचा? सर म्हणणार, फॉर्म नव्हता.

मी पुढे देवरीकडच्या एका शाळेत खेळाचा मास्तर झालो. रोवण्याच्या पंधरवड्यात सरावाची हजेरी घ्यायची नाही, हा माझा नेम. मोठ्या तोऱ्यानं सांगायचो तो. एका वर्षी मात्र मुख्याध्यापकांना तालुक्याची शिल्ड हवी होती. मी हजेरी घेतली. एक पोरगा बारा दिवस गैरहजर होता. आला तेव्हा त्याच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. मी यादी लिहिली, त्याचं नाव घातलं नाही. संध्याकाळी घरी मी बराच वेळ दार उघडं ठेवून बसलो होतो.

तो आला नाही.