पडदे काढले, मग सूर कोणी सांभाळायचा?



जत्रेच्या दिवसांत गावात ऑर्केस्ट्रा येतो, तेव्हा व्यासपीठाच्या कडेला एक वादक गुपचूप उभा असलेला तुम्ही पाहिला असेल. त्याच्या हातातलं वाद्य गिटारसारखंच दिसतं. पण त्याची दांडी लांब असते आणि तारा चारच, चांगल्या जाडजूड. त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. पण हा गृहस्थ वाजवायचा थांबला, की सगळं गाणं पोकळ वाटायला लागतं, कारण गाण्याचा खर्ज त्याच्याकडे असतो. या वाद्याला बास गिटार म्हणतात. तिच्या दांडीवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. सतारीवर आपण ज्यांना पडदे म्हणतो, तेच हे पडदे. ते या वाद्यावर का बसवले, पुढे काही वादकांनी ते का उपटून काढले, आणि काढल्यावर सूर कसा सांभाळला, याची हकिगत आज सांगायची आहे.

आधी पडदा काय करतो ते पाहू. तार जितकी आखूड, तितका सूर उंच. बोटानं तार दाबून आपण तिची लांबी कमी करतो. पडदा असेल तर तार बोटापाशी संपत नाही, त्या धातूच्या कडेवर संपते. म्हणजे बोट थोडं मागंपुढं पडलं तरी सूर पडद्याचाच निघतो. पडदा नसेल तर तार बोटापाशीच संपते, आणि बोट जिथं पडेल तोच सूर. चुकलं तर चुकलंच. सावरून घ्यायला मधे कोणी नाही.

पडदे कुठं बसवायचे, याचा हिशेब फार जुना आहे. १५८१ मध्ये इटलीत व्हिन्चेंझो गॅलिलेई नावाच्या वादकानं आपल्या ग्रंथात एक सोपा नियम मांडला. दुर्बिणीतून आकाश पाहणारा गॅलिलिओ, त्याचे हे वडील. नियम असा: तारेचा अठरावा भाग मोजून पहिला पडदा बसवा, उरलेल्या तारेचा पुन्हा अठरावा भाग घेऊन दुसरा, असं करत बारा पडदे बसवा. शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात करून बघण्यासारखं आहे. ३६ इंचांची तार घ्या. पहिला पडदा २ इंचांवर येईल. उरले ३४ इंच, त्याचा अठरावा भाग १.८९ इंच. असं बारा वेळा केलं म्हणजे तार निम्मी, म्हणजे १८ इंच उरायला हवी, कारण निम्म्या तारेतून वरचा सा निघतो. मुलांनी गणित केलं तर १८.१३ इंच उरतात. एवढी चूक कुठून आली? कारण खरा भाजक १८ नाही, तो १७.८१७ च्या आसपास आहे. अपूर्णांकांच्या तासाला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या नाचाच्या वाद्यवृंदांत खर्जाचं काम डबल बास या वाद्याकडे असे. माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं, आणि व्हायोलिनसारखंच बिनपडद्यांचं. प्रवासात त्याची फार अडचण होई. ढोल आणि तुताऱ्या सुरू झाल्या की त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय पडदे नसल्यामुळे सूर नेमका लावायला वर्षानुवर्षांची मेहनत. सिअॅटल शहरातल्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात पडदे बसवलेली, आडवी धरायची विजेवरची बास बनवून पाहिली होती. पण ती फारशी पसरली नाही.

ते काम तडीला नेलं ते एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं. लिओ फेंडर हे त्यांचं नाव. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९३८ मध्ये त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे, पण वादकांच्या तक्रारी मात्र ते कान देऊन ऐकत. १९५१ मध्ये त्यांनी ३४ इंच तारेची, वीस पडद्यांची बास गिटार बाजारात आणली आणि तिला नाव दिलं ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा. नावातच सगळं आलं. पडद्यामागं बोट ठेवा, सूर बरोबर येणारच, असा जणू त्यांनी भरवसाच दिला. मंक माँटगोमेरी हे मूळचे डबल बास वाजवणारे. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे नवं वाद्य हाती घेतलं. साधी गिटार येणाऱ्यालाही थोड्या सरावानं बास वाजवता येऊ लागली. पडद्यांनी केलेला हा उपकार विसरता कामा नये. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत बास गिटार जाऊन पोहोचली, तीही याच सोयीमुळे.

मग जे इतक्या कष्टानं बसवलं, ते काढावंसं कोणाला का वाटलं?

१९६१ मध्ये लंडनला बिल वायमन नावाच्या तरुणानं एक स्वस्तातली जुनी बास घेतली. तिचे पडदे त्यानं उपटले ते नवे बसवण्यासाठी. पण पडद्यांवाचून तिचा आवाज ऐकला आणि तो त्याला असा आवडला, की नवे पडदे कधी बसलेच नाहीत. पुढच्याच वर्षी हा वादक रोलिंग स्टोन्स या मंडळीत गेला. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या अँपेग कंपनीनं मुळातच बिनपडद्यांची बास विकायला काढली, आणि १९७० मध्ये खुद्द फेंडर कंपनीनं आपली ‘प्रिसिजन’ पडद्यांवाचून बाजारात आणली. अचूकपणाची हमी देणारा पडदा गेला आणि नाव मात्र तेच राहिलं, यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेलच.

आवडण्यासारखं त्या आवाजात होतं तरी काय? धातूच्या कडेवर संपणारी तार खणखणीत वाजते. लाकडावर बोटाखाली संपणारी तार लाकडाला हलकेच घासत राहते आणि तिचा सूर फुलत जातो. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार घासून जवारी निघते, ती आठवा. जात थोडीफार तीच. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, मींड काढता येते. म्हणजे वाद्य गळ्याच्या जवळ येतं.

ही गोष्ट साऱ्या जगाच्या कानांवर घातली जॅको पॅस्टोरिअस यानं. योगायोग असा, की फेंडरची बास ज्या १९५१ साली निघाली, त्याच साली हा जन्मला. तो वाढला फ्लोरिडात, समुद्रकाठच्या दमट हवेत. त्याच्याजवळ एक डबल बास होता, तो त्या हवेनं तडकून निकामी झाला. कोकणातल्या वादकांना हे दुःख निराळं सांगायला नको. मग त्यानं १९६२ च्या बनावटीची एक फेंडर बास जवळ केली. तिचे पडदे कसे आणि कोणी काढले, हे तो वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगे. पण पडद्यांच्या खाचा लांबीनं बुजवल्या आणि लाकडावर होड्यांना देतात तसल्या कडक लेपाचे थर चढवले, एवढं मात्र खरं. त्यामुळे तारांनी लाकूड झिजेना आणि आवाजालाही धार आली. १९७६ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातल्या पहिल्याच तुकड्यात तो एक अवघड, पळती चाल वाजवतो, आणि साथीला फक्त काँगा नावाचे ढोल आहेत. सूर झाकायला ना पियानो, ना दुसरी गिटार. उघड्यावर, एकट्यानं सूर लावून दाखवणं म्हणतात ते हे. १९८७ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. पण ती मुद्रिका ऐकून कित्येकांनी आपापल्या बासचे पडदे काढले, आणि काढल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना कळलं, की आपण बेसूर आहोत!

या बेसूरपणावर वादकांनी हळूहळू उपाय बसवले. ते चार पायऱ्यांनी समजून घेऊ.

पहिली पायरी वाद्याची. वाद्यच चुकलेलं असेल तर बोटानं किती सावरायचं? तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवून छेडलं, की घंटेसारखा वरचा सा निघतो. आता त्याच जागी तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर घोडीवरचा टेकू मागं सरकवून तार किंचित लांब करायची. उतरता आला तर आखूड करायची. असं चारही तारांचं करायचं.

दुसरी पायरी डोळ्याची. पडद्यांच्या जागी पुष्कळ वाद्यांवर रेघा ठेवलेल्या असतात. पण पडद्यांच्या सवयीचा माणूस बोट रेघेच्या मागं ठेवतो आणि सूर उतरतो. इथं बोटाच्या टोकाचा मध्य थेट रेघेवर यायला हवा. आणखी एक फसगत अशी, की वादक वरून तिरपा बघतो, त्यामुळे रेघ आहे तिथं दिसत नाही. म्हणून डोळ्यानं जागा सुचवावी, निकाल मात्र त्यानं देऊ नये.

तिसरी पायरी हाताची. ३४ इंचांच्या तारेवर खुंट्यांकडचा पहिला अर्धस्वर जवळजवळ १.९ इंचांवर असतो, आणि मध्याजवळ दोन अर्धस्वरांत अंतर उरतं जेमतेम एक इंच. म्हणजे खुंट्यांकडे बोट पाव इंच चुकलं तर सूर अर्धस्वराच्या आठव्या हिश्शानं ढळतो. मध्याजवळ तेवढ्याच चुकीनं तो चौथ्या हिश्शानं ढळतो आणि सभेतल्या शेवटच्या माणसालाही ते कळतं. खुंट्यांकडे चार बोटं ताणून चार स्वर धरायला गेलं की बोटं आखडतात. त्यावर जुन्या डबल बासवाल्यांची रीत कामी आली. व्हिएन्नातले फ्रान्झ सिमांडल यांनी १९ व्या शतकात ती पुस्तकात बांधून ठेवली होती: पहिलं, मधलं आणि करंगळी एवढ्यांवरच तीन स्वर घ्यायचे, अनामिकेनं करंगळीला नुसता आधार द्यायचा, आणि पुढं जायचं तर सबंध हात सरकवायचा.

चौथी आणि खरी पायरी कानाची. इथं आपल्याला परकं असं काही राहत नाही. पाश्चात्त्य वादकही एक सूर अखंड चालू ठेवून त्याच्याशी आपला सूर ताडून पाहतात. आपल्या मिरजेचा तंबोरा हेच तर करतो. समजा, तंबोऱ्याची तार सेकंदाला १०० वेळा कंप पावते आणि तुमची १०२ वेळा. मग सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतील. सूर जवळ आला की हेलकावे मंदावतात. जुळला की थांबतात. तंबोऱ्याची जोडी लावणाऱ्याला हे आईच्या दुधासारखं परिचयाचं असतं. फक्त खर्जात हे हेलकावे फार सावकाश पडतात आणि कानाला चटकन उमगत नाहीत. म्हणून साथीचा सूर एकदोन सप्तकं वर ठेवावा. आणि वाजवण्याआधी तो सूर गळ्यानं गुणगुणावा. जो सूर मनात लागलेला नाही, तो बोटाला कुठून सापडणार?

कानाला हे स्वातंत्र्य मिळालं, की आणखी एक दार उघडतं. समान बारा भागांच्या हिशेबातला गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शानं चढा असतो. पडदेवाल्याला तो आहे तसा घ्यावा लागतो. बिनपडद्यांचा वादक पियानोबरोबर असेल तेव्हा पियानोचा गंधार घेतो, आणि एकट्या षड्जावर असेल तेव्हा निर्मळ गंधार घेतो. कोणता कुठं घ्यायचा, हे त्याला ठरवावं लागतं. स्वातंत्र्याबरोबर जबाबदारी येते, ती अशी.

हा वाद आकाशवाणीला नवा नाही. बांधलेल्या स्वरांची पेटी आपल्या गायकीला मानवत नाही, म्हणून १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी झाली, आणि १९७१ पासून ती सैल होत गेली. त्या काळात घरोघरच्या भजनांत पेटी चालूच होती, आणि तिच्या आधारानं कित्येकांना सूर सापडला, हेही तितकंच खरं. पडदा किंवा पेटी वाईट नव्हे. पोहायला शिकताना कमरेला भोपळा बांधतात, तसा तो आधार आहे. प्रश्न एवढाच, की भोपळा कधी सुटणार?

म्हणून शिक्षकांना शेवटी एक विनंती. प्रार्थनेच्या वेळी पेटीवर नुसता सा धरून ठेवा आणि बाकीचे स्वर मुलांना स्वतः शोधू द्या. पहिले काही दिवस वर्ग बेसूर होईल. होऊ द्या. मग एखाद्या सकाळी सगळ्यांचा पंचम एकदम जुळेल, हेलकावे थांबतील, आणि कोणी न सांगता मुलं एकमेकांकडे बघतील.