क्षयरोगी घरात की घराबाहेर?

आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहू. क्षयाच्या रोग्याला घरापासून तोडायचं कशासाठी?

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला. कारण कळलं, पण कारण कळणं म्हणजे उपाय सापडणं नव्हे. पाचच वर्षांत आपल्या आनंदीबाई जोशी, स्वतः डॉक्टर असून, पुण्यात क्षयानं गेल्या. औषधच नव्हतं. ज्यांना परवडे त्यांच्यासाठी सॅनेटोरियम होतं: मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. पण एवढ्या रोग्यांना खाटा कुठून आणायच्या? १९५६ मध्ये मद्रासला प्रयोग सुरू झाला. औषधं तीच, मुदत एक वर्ष. काही रोगी सॅनेटोरियममध्ये, काही घरी. घरचे रोगी दाटीच्या वस्तीत राहणारे, त्यांचा आहारही कमी. तरी १९५९ चा निष्कर्ष काय? घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांचा धोका वाढला नाही.

असं का? क्षय खोकल्यातून, हवेतून पसरतो. बरीचशी लागण निदानाआधीच झालेली असते, आणि योग्य औषध सुरू झालं की संसर्ग झपाट्यानं घटतो. म्हणजे खरा धोका निदान न झालेल्या, उपचार अर्धवट सोडलेल्या रोग्याकडून.

आपण मात्र अजूनही रोग्याचं ताट वेगळं ठेवतो. क्षय ताटातून पसरत नाही. लाजेपोटी लपवलेल्या खोकल्यातून मात्र नक्की पसरतो.