दहावा माणूस

परवा नाशिकला गेलो होतो. चुलतभावाने दुकानाचा माळा रिकामा करायला काढला होता. चाळीस वर्षांचा पसारा! मोडके गज, सुती ठाणांची लेबलं, उंदरांनी कुरतडलेली बिलबुकं... आणि त्यात सुतळीने बांधलेला हजेरीपटांचा गठ्ठा. चहा येईपर्यंत म्हणून चाळायला बसलो, तो जेवायची हाक आली तरी तिथेच.

प्रत्येक पानावर नऊ नावं. १९८३ मध्ये नऊ, १९९० मध्ये नऊ, १९९८ मध्येही नऊच. कोणी सोडून गेला की दुसरा आला, पण दहावी ओळ सतत कोरी. आता गंमत अशी की मला दुकानात कायम दहा माणसं आठवतात. दहावे मामा (सगळे त्यांना मामाच म्हणायचे) मला खांद्यावर घेऊन गोदावरीचा पूर दाखवायला नेत. सकाळी फळ्या काढण्यापासून रात्री ठाणं रचून झाकेपर्यंत ते दुकानातच. मग ते पटावर का नाहीत?

उत्तर मला लहानपणीच माहीत होतं, फक्त कळलेलं नव्हतं. गुमास्ता इन्स्पेक्टर आला की काका मामांना म्हणत, "जरा पोस्टात जाऊन ये." कित्येक वर्षं माझी समजूत होती की इन्स्पेक्टर हा पोस्टाशी संबंधित माणूस असावा.

'गुमास्ता' हा शब्द तसा जुना, फारसीतून आलेला. पेढीवरचा कारकून, मुनीम. कायद्याचं खरं नाव मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८, पण बाजारात ते नाव कधी कोणी घेतलं नाही. 'गुमास्ता काढला का?' एवढंच. आमचं प्रमाणपत्र लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लटकलेलं असे आणि उदबत्ती दोघांनाही मिळे.

या कायद्यांचा इतिहास शोधत बसलो तेव्हा लक्षात आलं, की तो सगळा एका आकड्याचा इतिहास आहे. किती माणसं असली की मालक कायद्याच्या लेखी मालक होतो? १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सांगितलं, शंभर. सात वर्षांखालच्या पोराला कामाला लावू नये, हे सांगायलाही शंभर माणसं लागत होती! १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांचा अर्ज सरकारकडे गेला. मागण्या काय, तर रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. रविवार मिळायला १८९० उजाडलं. १८९१ मध्ये आकडा पन्नासवर आला, १९२२ मध्ये वीसवर, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात, यंत्रशक्ती वापरत असाल तर दहावर. म्हणजे शंभरावरून दहापर्यंत यायला सदुसष्ट वर्षं.

पण हे कारखान्यांचं झालं. दुकानातला माणूस कोणाच्या खिजगणतीतच नव्हता. तो भोंग्यावर येत नाही, मालकाच्या घरचा म्हणवला जातो, सणाला कापड घेतो. त्याला कसला कायदा? मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकानांसाठी कायदा केला, तो देशातला त्या प्रकारचा पहिला. लोखंड्यांच्या रविवारनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी! मग १९४८ चा कायदा आला आणि त्याने मला आवडेल अशी एक गोष्ट केली: आकडाच काढून टाकला. नोकर एक असो की पन्नास, दुकानाची नोंदणी करा, आठवड्यातून एक दिवस बंद ठेवा, दिवसाला नऊ तासांच्या वर राबवू नका, हजेरी लिहा. नोकर नसलेल्या दुकानदारालाही नोंदणी होतीच.

मग काका दहाला का घाबरत होते? कारण १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या दुकानाला तो लागू. मागच्या बारा महिन्यांत एक दिवस जरी दहा भरले तरी पुरे. आणि १९८४ च्या दुरुस्तीने तर दोर कापून टाकले: एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटका नाही. पाच वर्षं नोकरी झालेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार.

मामा १९९९ मध्ये गुडघ्यांमुळे थांबले. एकवीस वर्षं झाली होती, शेवटचा पगार दोन हजार सहाशे. कायद्यात महिना सव्वीस दिवसांचा धरतात, म्हणजे रोजचे शंभर, पंधरा दिवसांचे दीड हजार, गुणिले एकवीस. साडेएकतीस हजार रुपये.

हे मी माळ्यावर बसून बिलबुकाच्या पाठीवर मांडलं. आणि मग उशिरा डोक्यात प्रकाश पडला, की हिशेब एकट्या मामांचा नाहीच. ते पटावर आले असते तर दहा झाले असते, आणि उरलेल्या नऊ जणांनाही हक्क लागला असता. एक नाव न लिहून काकांनी दहा माणसांचं देणं वाचवलं होतं. ते नऊ जण मामांबरोबर चहा पीत, आणि त्यांना हे कधी ठाऊक झालं असेल असं वाटत नाही.

काकू हे वाचत असतील तर रागावू नका. काका वाईट मालक नव्हते. मामांच्या मुलीच्या लग्नाला त्यांनी लुगडी-धोतरं दिली, वर रोख दिली. मामींच्या ऑपरेशनला पैसे दिले. कदाचित सगळं मिळून साडेएकतीस हजारांच्या जवळ जाईलही. पण ते घ्यायला मामा मागच्या दाराने येत, टोपी हातात धरून. हे मी पाहिलेलं आहे.

असो. पुढचा इतिहास उलट्या दिशेचा आहे. १९४८ चा कायदा जाऊन १९ डिसेंबर २०१७ पासून नवा आला, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना फक्त 'आम्ही आहोत' एवढी सूचना देणं उरलं. तास, सुट्ट्यांची त्या कायद्यातली कलमं त्यांच्यापुरती संपली. २०२२ मध्ये मात्र मराठी पाटीची सक्ती या छोट्यांनाही झाली. म्हणजे पाटी लागू, पट नाही! २०२५ मध्ये राज्याने दहाचे वीस केले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केंद्राच्या चार संहिता अमलात आल्या आणि कारखान्याचा आकडाही दहाचा वीस, यंत्रशक्ती नसेल तर चाळीस झाला. छोट्या मालकाला कागद कमी झाले हे खरं, आणि ते कागद किती छळतात हे मी घरात पाहिलंय. किमान वेतनाला मात्र आकड्याची अट नाही, एका माणसालाही ते द्यावंच लागतं.

जेवताना चुलतभाऊ खुशीत होता. त्याच्याकडे आज अकरा माणसं आहेत. "आता वीसपर्यंत कटकट नाही," म्हणाला. मी म्हटलं, "ग्रॅच्युइटीचा आकडा अजून दहाच आहे रे." तो भात कालवायचा थांबला. काकू आमटी वाढत होत्या, त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मग कुठल्या सालापासून धरायचं?"