एका यार्डाचा न्याय

निकाल लागल्यानंतर निर्णयाची परीक्षा करणे ही इतिहासलेखनातली सर्वांत जुनी सवय आहे. जो जिंकला तो दूरदर्शी, जो हरला तो हट्टी. पानिपताबद्दल आपल्याकडे अडीचशे वर्षे जी चर्चा चालली आहे, तिच्यातला मोठा भाग याच मापाने मोजलेला आहे. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि बखरींच्या शेजारी त्या काळातली अस्सल पत्रे ठेवली. बखर लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. पत्र लिहिणाऱ्याला तो ठाऊक नसतो. एखाद्या निर्णयाचा न्याय करायचा तर दुसऱ्याच्या जागी जाऊन बसावे लागते.

ही कसोटी मला सर्वांत स्वच्छ स्वरूपात सापडली ती अमेरिकन फुटबॉलमध्ये. माझे शिक्षण या विषयातले नाही, कोणत्याही विषयातले फारसे नाही. पण जुन्या कागदांची सवय असलेल्या माणसाला या खेळाचे एक विलक्षण आकर्षण वाटते. इथे प्रत्येक खेळीची लेखी नोंद राहते. चेंडू कुठे होता, किती वेळ उरला होता, कोणी काय केले, पुढे काय झाले. युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्याला असा दप्तरखाना स्वप्नातही मिळत नाही. आणि तरीही या खेळातले निवाडे बखरीसारखेच होतात, हे पाहून मी या विषयाच्या मागे लागलो.

वाचकांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. मैदान शंभर यार्डांचे. चेंडू ज्यांच्या हाती आहे त्या अकरा जणांना दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. त्यांना ‘डाउन’ म्हणतात. चेंडू घेऊन धावता येते किंवा पुढे फेकता येते. शेवटच्या रेषेपलीकडे पोचले की टचडाउन, त्याचे सहा गुण. तिथवर पोचणे जमत नसेल तर लाथेने चेंडू दोन खांबांमधून मारायचा, त्याचे तीन. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो, आणि त्या थांबलेल्या काही सेकंदांत कोणीतरी ठरवतो की आता कोणती खेळी खेळायची. हे ठरवणाऱ्याला ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर म्हणतात. आक्रमणाचा कारभारी म्हणा.

हा कारभारी पूर्वी नव्हता. खेळी मैदानावरचा क्वार्टरबॅक ठरवत असे. क्लीव्हलंडच्या पॉल ब्राऊन यांनी हा अधिकार बाहेर बसलेल्या प्रशिक्षकाकडे ओढला. ते प्रत्येक खेळीला एक खेळाडू बदलत आणि त्याच्या तोंडून निरोप आत पाठवत. १९५६ साली त्यांनी जॉर्ज रॅटरमन या क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवला. लीगचे आयुक्त बर्ट बेल यांनी त्याच मोसमात त्यावर बंदी घातली. ती उठायला १९९४ उजाडले. आज कारभारी थेट क्वार्टरबॅकच्या कानात बोलतो; मात्र खेळी सुरू करण्याच्या मुदतीतले पंधरा सेकंद उरले की हा आवाज आपोआप बंद होतो. पुढचे सगळे आतल्या माणसाच्या हाती. न्यायनिवाड्याच्या दृष्टीने ही पंधरा सेकंदांची भिंत महत्त्वाची आहे. तिच्या अलीकडची जबाबदारी एकाची आणि पलीकडची दुसऱ्याची.

आता ज्या खेळीने हा विषय जगभर गाजला तिच्याकडे येऊ. १ फेब्रुवारी २०१५, ॲरिझोनातले ग्लेनडेल, एकोणपन्नासावी सुपर बोल. सिॲटल सीहॉक्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स. शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला सिॲटल २४–१४ ने पुढे होते. न्यू इंग्लंडने दोन टचडाउन करून २८–२४ अशी आघाडी घेतली. दोन मिनिटे उरली असताना सिॲटलच्या हाती चेंडू आला. जर्मेन कर्सने पडता पडता, अंगावर उसळणारा चेंडू झेलला आणि सिॲटल पाच यार्डांवर जाऊन पोचले. पुढच्या खेळीत मार्शॉन लिंच धावला. डोन्टा हायटावरने त्याला एका यार्डावर पाडले. तीन गुणांचा इथे उपयोग नव्हता, टचडाउनच हवे होते. तीन प्रयत्न शिल्लक, घड्याळ चालू, सिॲटलजवळ एकच टाइमआउट. न्यू इंग्लंडचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्याकडे टाइमआउट होते, पण त्यांनी घेतले नाहीत. सव्वीस सेकंद उरले असताना चेंडू हलला. कारभारी डॅरेल बेव्हेल यांनी धावण्याऐवजी पास सांगितला होता. रसेल विल्सनने तो रिकार्डो लॉकेटकडे फेकला, आणि माल्कम बटलर नावाच्या नवख्या बचावपटूने मध्ये झेप घेऊन चेंडू घेतला. सामना तिथेच संपला.

त्या रात्रीपासून आजतागायत सर्वसाधारण निवाडा एकच आहे: इतिहासातला सर्वांत मूर्ख निर्णय. लिंच हा त्या काळातला सर्वांत दणकट धावपटू. त्या मोसमात त्याने १३०६ यार्ड धाव घेतली होती, त्या सामन्यात १०२. मग एका यार्डासाठी चेंडू त्याच्या हातात का दिला नाही?

मी अशा नोंदी वाचताना शेवटचा रकाना पोस्टकार्डाने झाकतो. शेवटच्या रकान्यात निकाल असतो. तो झाकला की प्रश्न वेगळा दिसू लागतो.

पहिला प्रश्न घड्याळाचा. धावताना खेळाडू मैदानात पडला तर घड्याळ चालूच राहते. पास जमिनीवर पडला तर ते थांबते. सव्वीस सेकंद आणि एक टाइमआउट एवढ्या भांडवलावर तीन सलग धावा निवांतपणे बसत नाहीत. पहिली धाव फसली तर टाइमआउट खर्च, दुसरी फसली तर तिसरीसाठी सगळ्यांनी उठून धावत रांगेत उभे राहायचे. तिन्ही प्रयत्न नीट वापरायचे तर त्यांतला एक तरी पास असायला हवा. म्हणजे ‘पास का?’ हा प्रश्न खरे तर ‘पास आत्ताच का?’ असा आहे. आधी पास टाकला तर टाइमआउट शाबूत राहतो आणि पुढच्या दोन्ही खेळींना धावणे आणि फेकणे असे दोन्ही दरवाजे उघडे राहतात. या हिशेबात मूर्खपणा कुठे आहे, ते मला दाखवता आलेले नाही.

दुसरा प्रश्न धोक्याचा. त्या मोसमात सुपर बोलपूर्वी संपूर्ण लीगमध्ये एका यार्डावरून शंभरहून अधिक पास फेकले गेले होते. प्रतिस्पर्ध्याने त्यांतला एकही झेलला नव्हता. आणि लिंच? त्या मोसमात एका यार्डावरून त्याला पाच वेळा चेंडू दिला गेला, टचडाउन एकदा झाले. पाच हा आकडा काही सिद्ध करायला फारच लहान आहे, आणि शंभराच्या आकड्यालाही मर्यादा आहेत. पण ‘लिंच म्हणजे हमखास’ हे गृहीत तेव्हाच्या नोंदीत कुठेच नाही, ते नंतर जन्मले.

तिसरा प्रश्न समोरच्याचा. न्यू इंग्लंडने धाव रोखणारी जडशीळ फळी मैदानात उतरवली होती, आणि तिच्या जोडीला तीन कॉर्नरबॅक. सिॲटलचे तीन रिसीव्हर बाहेर उभे होते. मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल यांचे म्हणणे असे की अशा फळीवर डोके आपटण्याऐवजी एक प्रयत्न पासवर घालवावा. हे म्हणणे निकालानंतर रचलेले वाटू शकते, पण मैदानावरचे माणसांचे आकडे त्याला दुजोरा देतात.

मग दोष कुठेच नाही का? आहे. पास टाकणे गैर नव्हते. हा पास टाकणे कच्चे होते. चेंडू मधल्या गर्दीत, पहिल्या पसंतीच्या नसलेल्या रिसीव्हरकडे गेला. विल्सन धावण्यात चपळ होता. त्याला बाजूला पळत जाऊन कोणी मोकळे न दिसल्यास चेंडू बाहेर फेकून देता येईल, अशी खेळी देता आली असती. बेव्हेल यांच्या खेळीचे यश एका गोष्टीवर अवलंबून होते: कर्सने ब्रँडन ब्राउनरला मागे ढकलून बटलरची वाट अडवायची. ब्राउनरने कर्सला जागीच रोखून धरले. बटलरने हीच रचना सरावात पाहिली होती आणि तेव्हा तो चुकला होता. या वेळी तो चुकला नाही. म्हणजे या हारीचे वाटेकरी अनेक आहेत: खेळी निवडणारा, ती मान्य करणारा, फेकणारा, अडवणारा. आणि सर्वांत मोठा वाटा पलीकडच्या संघाच्या तयारीचा. आपल्या लेखनात पराभवाची कारणे शोधताना शत्रूची कर्तबगारी नेहमी शेवटी आठवते, तसे इथेही झाले.

याउलट दुसरे उदाहरण. ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन. पुन्हा न्यू इंग्लंड, समोर अटलांटा फाल्कन्स. अटलांटाचे कारभारी काइल शॅनाहन. त्यांच्या आक्रमणाने त्या मोसमात ५४० गुण केले होते, लीगमध्ये सर्वाधिक. सामन्यात अटलांटा २८–३ ने पुढे गेले आणि अखेर जादा वेळेत ३४–२८ ने हरले. त्यातला एकच क्षण घेतो. गुण २८–२०, पाच मिनिटांपेक्षा थोडा कमी वेळ. जुलिओ जोन्सच्या अप्रतिम झेलाने अटलांटा प्रतिस्पर्ध्याच्या बावीस यार्डांवर पोचले होते. इथून लाथेचे तीन गुण सहज आवाक्यात. ते मिळाले की आघाडी अकराची, म्हणजे न्यू इंग्लंडला दोनदा गुण करणे भाग. पहिली धाव एक यार्ड मागे गेली. दुसऱ्या प्रयत्नाला शॅनाहन यांनी पास सांगितला. ट्रे फ्लॉवर्सने मॅट रायनला बारा यार्ड मागे पाडले. पुढे दहा यार्डांचा दंड झाला आणि लाथेचे अंतर हातातून गेले.

इथेही रकाना झाकून पाहतो. या वेळी पोस्टकार्डाखालचे काही न पाहताच खेळी खटकते. दोन वेळा धावून घड्याळ पळवायचे आणि लाथ मारायची, हा मार्ग समोर होता. त्यात मिळवायचे जवळजवळ सगळे मिळत होते. पासने मिळणारे थोडे, गमावण्यासारखे पुष्कळ. शॅनाहन यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की पासच्याच जोरावर ते इथवर आले होते, आणि रायनने चेंडू वेळीच फेकून द्यायला हवा होता. तरीही गरज नसलेला धोका पत्करला गेला, आणि तो निर्णयातच होता, नशिबात नव्हता.

या दोन माणसांचे लोकांच्या स्मरणात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. शॅनाहन यांच्यावर टीका झाली; पण दुसऱ्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्यांची नेमणूक जाहीर झाली. बेव्हेल आणखी तीन मोसम सिॲटलमध्ये राहिले, जानेवारी २०१८ मध्ये त्यांना काढले गेले. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, त्याच सिॲटलने ४३–८ अशी सुपर बोल जिंकली होती आणि तेव्हाचे कारभारीही बेव्हेलच होते. ते कोणाला आठवत नाही. एक यार्ड आठवतो.

निकालापासून निर्णय वेगळा काढण्याचे काम या खेळात नवीन नाही. १९७१ साली व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी आठ हजारांहून अधिक खेळी तपासून मैदानावरच्या प्रत्येक जागेची किंमत गुणांत मांडली. स्वतःच्या रेषेजवळ चेंडू हाती असणे हे तोट्याचे असते, असेही त्यातून निघाले. हा कार्टर कोण? सिनसिनाटीचा खेळता क्वार्टरबॅक. त्याचा दूरवर फेकण्याचा हात कमकुवत म्हणून त्याचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी छोट्या, अचूक पासांची पद्धत रचली, जिने पुढे हा खेळच बदलला. सामन्याच्या पहिल्या पंधरा-वीस खेळी आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवायची चालही वॉल्श यांनीच रुळवली. गोंगाटात डोके नीट चालत नाही, म्हणून विचार आधीच करून ठेवायचा. पुढे २००६ साली डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने दाखवले की चौथ्या प्रयत्नाला संघ गरजेपेक्षा फार जास्त वेळा चेंडू लाथेने दूर मारून मोकळे होतात.

त्यामागचे कारण मला बेव्हेल यांच्या गोष्टीत दिसते. रूढ मार्गाने हरलेल्याला कोणी विचारत नाही. लिंचला तीनदा चेंडू देऊन सिॲटल हरले असते तर दोष लिंचचा किंवा नशिबाचा ठरला असता, बेव्हेल यांचे नाव आज अमेरिकेबाहेर कोणी घेतले नसते. निकाल पाहून शिक्षा देणारा समाज आपल्या कारभाऱ्यांना एकच धडा शिकवतो: बरोबर ते करू नका, ज्याचा जाब विचारला जाणार नाही ते करा. हा धडा मैदानापुरता राहत नाही. दवाखान्यात, कचेरीत, राज्यकारभारात तो सारखाच उतरतो, आणि त्याची किंमत निकाल न पाहिलेल्या लोकांना मोजावी लागते.

म्हणून माझा निवाडा असा. पास टाकण्याच्या निर्णयातून बेव्हेल निर्दोष. पासच्या निवडीत त्यांचा दोष आहे, पण तो लहान आहे. पुढच्या दहा सामन्यांत तीच खेळी खेळली असती तर बहुतेक वेळा एकतर टचडाउन झाले असते, नाहीतर चेंडू जमिनीवर पडून घड्याळ थांबले असते. शॅनाहन यांचा दोष त्याहून मोठा. लोकांनी हे माप उलटे लावले, कारण एका निर्णयाचा शेवट एका क्षणात डोळ्यांसमोर आला आणि दुसऱ्याचा हळूहळू, अर्ध्या तासात पसरून. इतिहास लिहिणाऱ्याने निदान एवढे करावे: शेवट किती जोरात ऐकू आला यावरून माणसाचा गुन्हा मोजू नये.