घरी पाहिलेले जुने बोलपट

श्रोतेहो, जुन्या बोलपटांविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे वक्त्याने पुण्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या नामांकित चित्रगृहाची आठवण काढून प्रारंभ करावा, अशी रूढी आहे. माझ्यापाशी तशी आठवण नाही. मी वसमत तालुक्यातील हट्टा या गावचा. ज्या बोलपटांविषयी आज चार शब्द सांगणार आहे, ते सारे मी घरी, माजघरात सतरंजी अंथरून पाहिले. आणि तेही ते निघाल्यानंतर पन्नास वर्षांनी, कोठे ऐंशी वर्षांनी. तेव्हा माझी मते ही उशिरा आलेल्या पाहुण्याची मते होत, हे आरंभीच कबूल करतो.

हा उशीर का झाला, ते समजण्यासाठी थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. १९२९ साली कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच मंडळींनी 'प्रभात' कंपनी काढली. १९३२ साली तिने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट दिला, आणि १९३३ साली ती पुण्यास आली. पुढे 'संत तुकाराम' १९३६ साली, 'कुंकू' १९३७ साली आणि 'शेजारी' १९४१ साली निघाला. या साऱ्या काळात आमचे हट्टा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. राज्यकारभार उर्दूत चाले, आणि उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. पुण्यापासून आमचे अंतर केवळ मैलांचे नव्हते. मध्ये एका राज्याची हद्द होती. ती हद्द सप्टेंबर १९४८ मध्ये पुसली गेली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९९९ साली आमचा हिंगोली जिल्हा निराळा झाला. तिकडे प्रभातच्या जागेत १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. मूकपट बहुतेक नष्ट झाले. परंतु हे बोलपट वाचले, आणि प्रथम दूरचित्रवाणीवरून, मग फितींवरून आणि आता हातातल्या दूरध्वनीवरून आमच्या माजघरापर्यंत येऊन पोहोचले.

चित्रगृहात माणूस अंधारात, परक्यांच्या मध्ये बसतो. समोरच्या चित्राशी वाद घालण्याची तेथे सोय नसते. घरी तसे नाही. घरी दिवा लागलेला असतो, चहा चालू असतो, कोणी शेंगा सोलीत असते, आणि नायिकेने काही केले की आजी लगेच आपले मत देते. यामुळे रसभंग होतो हे खरे. पण बोलपटाची एक निराळीच परीक्षा होते. त्यातील माणसे आपल्या घरातल्या माणसांशेजारी बसवून पाहिली जातात.

प्रथम 'कुंकू' घेऊ. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांताराम यांनी तो काढला. फसवून वृद्ध काकासाहेबांच्या गळ्यात बांधलेली नीरा हा विवाह मानीतच नाही. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब पाहून आजही थक्क व्हावयास होते. या बोलपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, पावले, एवढेच ऐकू येते. आमच्या घरी तो लागला तेव्हा पडद्यावरचे भांडे कोणते वाजले आणि स्वयंपाकघरातले कोणते, ते कळेना. आजी शेवटपर्यंत बसली. तिचे लग्न बाराव्या वर्षी झालेले. काकासाहेब पश्चात्तापाने स्वतःच जीव देतात आणि नीरा मोकळी होते, तेथे ती म्हणाली, "हे बरं झालं तिचं. आमच्यातलं कुणी असं उठून गेलं नाही." एवढेच बोलून ती निजावयास गेली. परंतु त्या बोलपटाविषयीची माझी सारी भक्ती त्या एका वाक्याने सावध झाली. प्रश्न किती निर्भयपणे मांडला होता! आणि उत्तर मात्र एका मृत्यूवर सोपविले होते.

आता 'शेजारी'. विश्राम बेडेकरांनी लिहिलेली ही कथा. एका गावात जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन वृद्ध जिवलग मित्र. जिवबा केशवराव दात्यांनी आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी केला. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत तर मुसलमान नट मझहर खान यांनी हिंदू मित्राचे आणि हिंदू नट जागीरदार यांनी मुसलमान मित्राचे काम केले. ही योजना हेतुपुरस्सर होती, हे उघड आहे. गावाजवळ धरण बांधू पाहणारा ओंकार नावाचा धनिक या दोघांत फूट पाडतो. आणि अखेर धरण फुटते, तेव्हा हे दोघे हातात हात घालून त्या लोंढ्यात नाहीसे होतात.

हा बोलपट निघाल्यावर आठ वर्षांच्या आत आमच्या मुलखात काय घडले, ते श्रोत्यांस ठाऊक असेल. प्रथम रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार. नंतर १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली आणि १७ सप्टेंबरला संपलेली पोलीस कारवाई, तिच्यामुळे आलेले स्वातंत्र्य. आणि त्यामागोमाग ठिकठिकाणी मुसलमान वस्त्यांवर उगविलेला सूड. पहिल्या दोन गोष्टी आम्ही दरवर्षी १७ सप्टेंबरला सांगतो. तिसरी सांगत नाही. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठविली. सावधपणे केलेल्या अंदाजानेही मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० भरेल, असे तिने लिहिले, आणि सर्वांत अधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आमच्या वसमतला लागून असलेल्या नांदेडचे नाव घातले. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी मी 'शेजारी' लावला, तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे चाचा सहज आले होते. १९४८ साली ते आठ वर्षांचे होते. त्या दिवसांविषयी त्यांनी आम्हांस कधी काही सांगितले नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. दोघे मित्र एकत्र बसलेले पाहून ते हसले, मैत्री तुटली तेव्हा गप्प झाले. धरण फुटले, पाण्याने दोघांना ओढून नेले, आणि मी डोळे पुसले. चाचा म्हणाले, "चित्र चांगलंय, बेटा. पण दोघांना एक करायला पूर कशाला लागतो? मरताना हात धरला. पर त्याच्या आधी दार उघडायला काय झालं होतं?" मला उत्तर देता आले नाही. त्यातून आमच्या वसमत तालुक्यात धरण म्हणजे संहार नव्हे. येलदरी आणि सिद्धेश्वर या पूर्णेवरील धरणांच्या पाण्यावर येथली हळद आणि ऊस उभा राहतो. चाचांचे शेतही त्याच कालव्याखाली आहे. तेव्हा सारा दोष बाहेरच्या धनिकावर आणि त्याच्या धरणावर टाकून गाव निर्दोष ठरविणे, हे मला पटत नाही. आमच्याकडे जे झाले त्यात बाहेरचे होते, तसे गावातलेही होते. शेजारी ओळखणारे शेजारीच होते.

मग हे जुने बोलपट खोटे काय? मी तसे म्हणणार नाही. ज्या वर्षांत पुष्कळांची जीभ अडखळत होती, त्या वर्षांत त्यांनी बालाजरठविवाह आणि हिंदु-मुसलमान वैमनस्य हे विषय उघड्यावर आणले, ही त्यांची थोरवी आहे. परंतु शेवटी त्यांची वाट एकाच दाराशी जाते: कोणी तरी मरतो आणि तंटा मिटतो.

याला एक अपवाद मला सापडला, आणि तोही संतपटात. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेलेला 'संत तुकाराम' दामले आणि फत्तेलाल यांनी काढला. अखेरीस विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम विमानातून वैकुंठास जातो. नामदेवांचे नरसी ज्या जिल्ह्यात आहे, तेथे त्या विमानाला हात जोडले जाणारच. आमच्या घरीही जोडले गेले. परंतु माझी दृष्टी खाली राहिलेल्या जिजाईवर खिळली. गौरी या नटीने ती उभी केली आहे. जिजाई वैकुंठास जात नाही. मुले आहेत, चूल आहे, ती मागे राहते. हा शेवट मात्र माजघरात बसूनही खोटा वाटत नाही.

चाचा अजून येतात. त्या दुपारनंतर एकदा मी त्यांना प्रथमच विचारले, "चाचा, त्या साली तुम्ही कुठं होता?" ते बराच वेळ बोलले. ते काय बोलले, हे येथे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण विचारावयास मी इतकी वर्षे का लावली, याची लाज मात्र मला सांगितली पाहिजे. एका जुन्या बोलपटाने एवढे केले. त्याचा शेवट मला पटला नाही, म्हणूनच कदाचित केले.

असो. आपल्या घरी असे एखादे जुने चित्र लागले, तर ते एकट्याने पाहू नका. शेजाऱ्यालाही बोलवा, इतके सांगून मी आपली रजा घेतो.